झाकलेला चेहरा: व्हिडिओतील धूसरतेचे तंत्र आणि जबाबदारी

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघिनी नदीच्या काठी वसलेले बाग हे गाव प्राचीन बौद्ध लेण्यांसाठी आणि लाकडी ठशांच्या कापडछपाईसाठी प्रसिद्ध असून, येथील ‘बाग प्रिंट’ला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा छपाईचे चित्रीकरण आज साध्या मोबाइलवरही होते. मात्र ठसा उमटवणाऱ्या हाताबरोबर मागे खेळणारे मूल, उभ्या गाडीचा क्रमांक किंवा उघड्या वहीतील गिऱ्हाइकाचा पत्ताही कॅमेरा टिपतो. म्हणूनच दृश्याचा नेमका तेवढाच भाग धूसर करणे, संपादकांच्या भाषेत ‘ब्लर’ करणे, हे दुसऱ्याचे खासगीपण राखण्याचे साधन ठरते.

डिजिटल चित्र ‘पिक्सेल’ नावाच्या सूक्ष्म रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते आणि ‘फुल एचडी’ व्हिडिओच्या एकेका चौकटीत असे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. धूसर करताना सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचा रंग आसपासच्या ठिपक्यांच्या सरासरीने बदलते. जवळच्या ठिपक्यांना अधिक आणि दूरच्यांना कमी महत्त्व देणाऱ्या पद्धतीला गणितज्ञ कार्ल फ्रिडरिश गाउस यांच्या नावावरून ‘गाउसियन ब्लर’ म्हणतात. हा परिणाम ठरावीक भागापुरताच राहावा म्हणून त्याभोवती जी सीमा आखतात, तिला ‘मास्क’ असे नाव आहे.

छायाचित्रात एवढे पुरते. व्हिडिओत मात्र सेकंदाला साधारण २५ ते ३० चौकटी असल्याने दहा सेकंदांच्या दृश्यात अडीचशे ते तीनशे वेळा तो मास्क योग्य जागी बसावा लागतो. बागचा कारागीर जसा प्रत्येक ठसा आधीच्या ठशाच्या कडेशी जुळवतो, तशीच ही जुळणी असते. काही चौकटींत मास्कची जागा हाताने ठरवली, की मधल्या चौकटींतील हालचाल सॉफ्टवेअर भरून काढते. अशा खुणेच्या चौकटीला ‘कीफ्रेम’ म्हणतात. ‘डाविंची रिझॉल्व्ह’सारख्या सॉफ्टवेअरमधील ‘ट्रॅकिंग’ची सोय हलणाऱ्या चेहऱ्याचा माग स्वतःच घेते, परंतु मूल वळले किंवा कोणाच्या आड गेले, तर तो माग सुटू शकतो, आणि पाहणारा व्हिडिओ कोठेही थांबवू शकत असल्याने उघडी राहिलेली एक चौकटही सगळे श्रम वाया घालवते.

अक्षरे आणि आकडे यांचे आकार मोजकेच असल्याने हलक्या धूसरतेतून किंवा चौकोनी ‘मोझेक’मधून ते ताडून ओळखता येऊ शकतात; म्हणून पत्ता किंवा क्रमांक यांवर अपारदर्शक पट्टी टाकणेच सुरक्षित असते.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे २३ वे कलम पीडित बालकाचे नाव व छायाचित्रच नव्हे, तर पत्ता, कुटुंब, शाळा आणि शेजार यांवरून ओळख पटवणारा तपशीलही प्रसारमाध्यमांत उघड करण्यास मनाई करते. त्यामागील तत्त्व प्रत्येक चित्रीकरणाला लागू पडते, कारण माणसाची ओळख केवळ चेहऱ्यात नसते. गणवेश, दारावरची पाटी आणि आवाजही ती सांगून जातात. त्यामुळे प्रसिद्धीपूर्वी व्हिडिओ एकदा आवाज बंद करून चौकटीगणिक पाहावा, एकदा डोळे मिटून ऐकावा आणि मगच तो लोकांपुढे ठेवावा.