वाशिमचं ऊन आणि ओझोनचं भोक

मे महिन्यात वाशिमला दुपारी रसवंतीवर टेकलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "ओझोनला भोक पडलंय, म्हणून एवढं तापतंय." ही गल्लत आहे. ओझोनचा थर अडवतो ते अतिनील किरण, उष्णता नव्हे. 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगासमोर आणलेलं ते भोक आहे अंटार्क्टिकावर. तिथल्या कडाक्याच्या थंडीत तयार होणाऱ्या ढगांमुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात थर फार विरळ होतो. आपल्या पट्ट्यात तो विशेष घटलेला नाही. मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यात वाशिमला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे अतिनील किरण इथे मुळातच जास्त. निंदणाऱ्या बायांनी डोईवर पदर घ्यावाच, आणि मोतीबिंदूचा धोका आहे म्हणून डोळेही जपावेत.

गाड्यांच्या धुराने ओझोन विरतो, हाही समज चुकीचा. खरा गुन्हेगार क्लोरीन. त्याचा एक अणू ओझोनचे जवळपास एक लाख रेणू मोडतो. तो आला फ्रिज-एसीतल्या सीएफसी वायूंमधून. 1987 च्या माँट्रियल करारानंतर जगाने त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवला, आणि भारतात 2010 पासून ते जवळपास पूर्ण बंद झाले. म्हणून आजचा प्रत्येक फ्रिज ओझोनचा वैरी नाही. नव्या फ्रिजमधल्या आर-600ए मध्ये क्लोरीन नसतोच. पण जुन्या एसीतल्या आर-22 मध्ये तो आहे. दुरुस्तीच्या वेळी कारागिराने नळी सोडली की फुस्स आवाज येतो आणि दोन मिनिटांत सगळा गॅस हवेत जातो. तो सिलिंडरमध्ये काढून घेता येतो. आपण मागितलं तर कारागीर ते करेलही.

आता आपल्या वावरातली गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. युरियातल्या, पिकाने न उचललेल्या नत्राचा थोडा भाग जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. हा वायू शंभरेक वर्षं टिकतो, वर चढतो आणि ओझोन खातो. रविशंकरा या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं, की माणसाच्या हातून आज सुटणाऱ्या ओझोननाशक वायूंत हाच पहिल्या क्रमांकावर आहे. माँट्रियल करारात मात्र तो नाही. सोयाबीन मुळांच्या गाठींतून स्वतःचं नत्र मिळवतं. तरी पान पिवळं दिसलं की आपण पाणी साचलेल्या रानात युरियाची मूठ फेकतो. ओल्या जमिनीत हा वायू जास्त सुटतो. वापसा येऊ द्यावा, पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा तर नाही ना ते पाहावं, आणि गव्हाला युरिया द्यायचाच तर हप्त्यांनी, मातीआड.