दिव्यांची अवस आणि देहरथाचा सारथी

आषाढ अमावास्या ही दीपपूजनाची तिथी. समया, निरांजने उजळून पाटावर मांडावीत, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवावा आणि श्रावणमासाचे स्वागत करावे, ही आपली परंपरा. परंतु श्रावणात मद्यमांस वर्ज्य, म्हणून त्यापूर्वीच यथेच्छ पिऊन घ्यावे, अशा विपरीत बुद्धीमुळे या मंगल तिथीला ‘गटारी’ हे ओंगळ नाव चिकटले. पायी जाणारा मद्यपी बहुधा स्वतःच गटारात पडे. आज तो मोटार हाकावयास बसतो आणि त्याच्या कर्माचे फळ वाटेवरच्या निरपराध्यास भोगावे लागते.

कठोपनिषदात यमधर्माने नचिकेत्यास रथाचे रूपक सांगितले आहे. शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये हे घोडे. मद्याचा पहिला घाला पडतो तो या सारथ्यावरच. जीभ अडखळण्याच्या कितीतरी आधी विवेक ढळतो, अंतराचा व वेगाचा अंदाज चुकतो, ब्रेकवर पाय पडण्यास विलंब होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरात एखादे लेकरू रस्ता ओलांडत असेल तर?

‘मला सवय आहे, मला चढत नाही,’ हा नित्य पिणाऱ्याचा ठरलेला युक्तिवाद. वस्तुतः सवयीने बोथट होते ती नशेची जाणीव. रक्तातील मद्यार्क त्यामुळे कमी होत नाही. म्हणूनच असा मनुष्य अधिक पितो आणि अधिक निर्धास्तपणे गाडी काढतो. काळी कॉफी, लिंबूपाणी वा थंड स्नान यांनीही मद्य लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच मंद गतीने त्याचा निचरा करते. रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्याच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याचा अंश उरू शकतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्याच गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. परंतु कायद्याचा हात पोहोचतो तो गाडी रस्त्यावर आल्यानंतर. घरच्यांचा हात उंबरठ्यावरच पोहोचू शकतो.

मद्यपान न करणे हे सर्वोत्तम, यात शंका नाही. तथापि कोणी प्यालाच, तर ‘नीट चालवशील ना?’ असे त्याला विचारू नये. ज्या बुद्धीने उत्तर द्यावयाचे, तीच तेव्हा ठिकाणावर नसते. माताभगिनींनी व वडीलधाऱ्यांनी निःसंकोचपणे किल्ली काढून घ्यावी. तो रागावेल, रागावू द्यावा. बाहेर असेल तर त्याला आणावयास माणूस पाठवावा, अथवा तेथेच मुक्काम करण्यास सांगावे.

श्रावणाचा पहिला सूर्योदय प्रत्येक घरास आणि प्रत्येक वाटसरूस सुखरूप दिसो, हीच श्रीचरणी प्रार्थना.