एका अक्षराची बुडी

पंचेचाळिसाव्या वर्षी पाण्याखाली श्वास घ्यायला शिकणं हा घरच्यांच्या मते शुद्ध वेडेपणा! तरीही मालवणच्या समुद्रात मी 'ओपन वॉटर' अभ्यासक्रमाच्या चारही बुड्या पुऱ्या केल्या. आता १८ मीटर खोल उतरण्याचं प्रमाणपत्र यायचं, की दिवाळीच्या सुटीत अंदमान. तिकिटं काढून ठेवलेली.

महिना लोटला. प्रमाणपत्राचा पत्ता नाही. कन्या रोज विचारी, "बाबा, पास की नापास?" मी तावातावानं तक्रारअर्ज लिहायला बसलो, तशी सौभाग्यवती म्हणाली, "आधी शिकवणाऱ्या मास्तरांना तर विचारा!"

विचारलं. वाचकहो, प्रमाणपत्र देणारी संस्था आपल्याला ओळखत नसते. शिक्षक नाव, जन्मतारीख, ई-मेल कळवतात, मगच कार्ड निघतं. मास्तरांनी सारं केव्हाच कळवलं होतं. चूक माझ्याच अर्जात होती. ई-मेलच्या पत्त्यात एक अक्षर गळलं होतं! मास्तरांनी दुरुस्ती कळवली, आणि दोन दिवसांत कार्ड हजर.

विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्वदीर्घावर वीस वर्षं लाल शाई ओतणारा मी! कन्येनं माझ्या अर्जाच्या प्रतीवर लाल पेन्सिलीनं शेरा मारला : "दहा वेळा लिहा."

मी निमूटपणे लिहिलं.