फिश टँकचा तळ आणि कोरीचे आतडे

कोरीडोरस या दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या मिशाळ माशांच्या वर्गीकरणाची २०२४ मध्ये फेरमांडणी झाली आणि दीडशेहून अधिक जातींचे एकत्र कुटुंब विभक्त झाले. ब्राँझ कोरी ऑस्टिओगॅस्टरमध्ये गेला, पांडा हॉप्लिसोमात, तर पिग्मी गॅस्ट्रोडर्मसमध्ये. शौकिनांमध्ये नव्या नावांवरून बरीच कुरकुर झाली. दुकानात मात्र तो 'कोरी'च राहणार, आणि त्याला खपवणारे वाक्यही तेच राहणार: 'हा टँक साफ ठेवतो.' खरे तर नावाआधी हे वाक्य बदलायला हवे होते.

कोरी इतर माशांची विष्ठा खात नाही आणि काचेवरचे शेवाळ खरवडणेही त्याचे काम नव्हे. तो तळाची वाळू तोंडात घेतो, तिच्यातले किडे-अळ्या ठेवून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणून बारीक, गुळगुळीत वाळू हवी. धारदार रंगीत खडी आणि तिच्या फटींत कुजणारे अन्न यांमुळे मिशा झिजतात, त्यांना संसर्ग होतो. मिशा आखूड झालेला कोरी दिसला की दोष तळाचा समजावा. बुडणाऱ्या गोळ्या किंवा गोठवलेले ब्लडवर्म दिवे मालवल्यावर टाकावेत, नाहीतर वरचे मासे खाली काही पोहोचूच देत नाहीत. कोरी कळपाने राहतो. एकाच जातीचे किमान सहा आणि दोन फूट लांबीचा टँक हा हिशेब धरावा. इथे उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे.

या माशातले खरे नवल त्याच्या आतड्यात आहे. तळाशी चरता चरता तो एकाएकी बाणासारखा वर येतो, हवेचा घोट गिळतो आणि परत खाली जातो. गिळलेल्या हवेतला प्राणवायू आतड्याच्या मागच्या भागातील रक्तवाहिन्या शोषून घेतात आणि उरलेली हवा गुदद्वारावाटे बाहेर पडते. म्हणून टँक काठोकाठ भरू नये. झाकण आणि पाणी यांत इंचभर जागा सोडावी. अधूनमधून वर येणे स्वाभाविक आहे. सगळा कळप सारखा ये-जा करू लागला, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा नायट्राइट साचले आहे असे समजून आधी पाण्याची चाचणी घ्यावी आणि काही पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढायला विसरू नये.

उन्हाळ्यात हे जास्त जाणवते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. बहुतेक कोरींना २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवते, पांडाला त्याहून थोडे थंड. विदर्भातल्या मे महिन्यात हीटर नव्हे, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा लागतो. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उष्ण घरात पांडाचा हट्ट धरण्यापेक्षा स्टर्बाय कोरी बरा, त्याला २४ ते २८ अंश चालते.

कोरीच्या परांना काटे असतात आणि ते ताठ होऊन अडकतात. त्यामुळे जाळीत गुरफटलेला मासा ओढून काढू नये. पकडायला प्लास्टिकचे भांडे वापरावे. छातीच्या परांच्या बुडाशी विषग्रंथीही असतात. पिशवीत दाटीवाटीने कोंबलेले, घाबरलेले कोरी त्या स्रावाने स्वतःच्याच पाण्यात दगावू शकतात, म्हणून पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये.

आतड्याचा दुसरा उपयोग विणीच्या वेळी दिसतो. मादी नराच्या पोटाला तोंड लावते आणि दोघांची इंग्रजी 'टी'सारखी आकृती होते. ती शुक्राणू चक्क गिळते, ते न पचता आतड्यातून झपाट्याने पुढे सरकतात आणि पोटाच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांजवळ बाहेर पडतात. ऐकणाऱ्याला थाप वाटावी असाच हा प्रकार. पण मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ब्राँझ कोरीवर तो दाखवून दिला: मादीच्या तोंडाशी सोडलेला निळा रंग काही सेकंदांत दुसऱ्या टोकाला निघाला.

घरी वीण हवी असेल तर नेहमीपेक्षा थोडे थंड पाणी घालून पावसाळ्याचा आभास निर्माण करावा. मादी चिकट अंडी काचेवर किंवा पानांवर लावते. आई-बापच ती खातात, तेव्हा ती हलक्या हाताने सोडवून हवेचे बुडबुडे चालू असलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवावीत. बुरशी धरलेली पांढरी अंडी रोज काढावीत. तीन ते पाच दिवसांत पिल्ले निघतात आणि पोटाखालची पिवळ्या बलकाची पिशवी संपली की त्यांना ताजे आर्टेमिया द्यावे लागते.