भाकरीला पिठल्याची जोड कशाला?

गरम ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि चटणीवर तेलाची धार! असे जेवण कोणाला आवडणार नाही? पण समजा, पिठले नाहीच. मीठ-मिरचीबरोबर नुसत्याच भाकऱ्या खाल्ल्या तर काय बिघडेल? पोट तर भरतेच ना?

हिशेब करून पाहू. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके, ६ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम १ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना रोज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने हवीत. "मग साडेसात भाकऱ्या खाव्यात!" असे तुमच्यापैकी एखादा म्हणेल. गणित बरोबर, पण उत्तर चूक.

प्रथिने ही सुमारे २० प्रकारच्या ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी ९ आपले शरीर तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळावी लागतात. 'कमळ' हा शब्द जुळवायला तुमच्याजवळ 'क' आणि 'म' च्या शंभर-शंभर चिठ्ठ्या आहेत, पण 'ळ' च्या चाळीसच. शब्द किती होतील? चाळीसच! ज्वारीत हा 'ळ' म्हणजे लायसीन. ते कमी पडले की उरलेली ॲमिनो आम्ले साठवून ठेवता येत नाहीत. शरीर त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकून देते आणि बाकीचा भाग इंधन म्हणून वापरते. पोट भरलेले, पण वाढत्या स्नायूंना माल अपुरा!

हरभऱ्याच्या डाळीत लायसीन भरपूर असते. तिच्यात उणीव असते मिथिओनीनची, आणि ती भाकरी भरून काढते. वरण-भात, उसळ-पोळी, खिचडी यांतले रहस्य हेच. (शेंगदाण्यांत प्रथिने पुष्कळ, पण लायसीनच्या बाबतीत तेही हात आखडतात.) दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही; दिवसभरात मिळाली तरी चालते. दूध आणि अंडी यांत सर्व ॲमिनो आम्ले योग्य प्रमाणात असतात.

मग भाकरी कमी करून डाळच वाढवावी का? तसेही नाही. इंधन अपुरे पडले की शरीर प्रथिने जाळू लागते. घराचे वासे काढून चुलीत घालण्यासारखाच हा प्रकार! बारीक होण्यासाठी भात-भाकरी एकदम सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

राहिली तेलाची धार. कर्बोदकांच्या वा प्रथिनांच्या १ ग्रॅमपासून ४ किलोकॅलरी मिळतात, तर तेलाच्या १ ग्रॅमपासून ९. म्हणून धारच बरी, वाटी नको. पण ती अगदी वगळूही नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतात.

आता एक प्रयोग. टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करा. त्याचा एकेक थेंब भाकरीच्या तुकड्यावर, थोड्या पिठल्यावर आणि उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागावर टाका. शेंगदाणा मात्र कागदावर चिरडून घासा आणि कागद उजेडात धरा. भाकरी निळी-काळी होईल; पिठलेही होईल. ते का, शोधून काढा. आणि आयोडीन लावलेले काहीही तोंडात घालू नका बरे!