शिधा आणि पंगत

शाळेतल्या मोफत जेवणाचा विषय निघाला की आपले सुशिक्षित लोक उष्मांकांचा हिशेब मांडतात. हिशेब हवाच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे जेवण हक्काने दिले : पाचवीपर्यंत ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, पुढे ७०० व २०. लोणावळ्यातली नगरपरिषदेची शाळा असो की आंदर मावळातली वाडीवरची, माप एकच. पण आमच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. हे अन्न शिजवतो कोण, आणि कोण कोणाशेजारी बसून ते खातो?

१५ ऑगस्ट १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात ८० टक्के हजेरीच्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. तो पिशवीतून घरी जाई. पाटलाचा वाड्यात, ठाकराचा ठाकरवाडीत, आमचा आमच्या वस्तीत. कोरड्या शिध्याला विटाळ नाही, विटाळ शिजल्या अन्नाला. म्हणून त्या तांदळाने गावाची घडी कुठे विस्कटली नाही.

२८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला. २० एप्रिल २००४ ला स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या असे बजावले. हा दुसरा आदेश मी मोठा मानतो. ज्यांचे एक घर मावळातल्याच तळेगावला होते, त्या बाबासाहेबांना लहानपणी शाळेत शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. आता आमच्या बाईच्या हातची खिचडी अख्ख्या वर्गाने खायची आहे! हे सहज पचत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीचे जेवण नाकारले.

म्हणूनच ‘सर्वांना’ हा शब्द सोडता कामा नये. दाखला पाहून फक्त गरिबांना वाढले असते तर ती आमचीच वेगळी पंगत झाली असती.

राहिली न्याहारी. इंद्रायणी तांदळाचे वाण १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आले. पण भाताच्या या मुलखात ज्याला शेतच नाही त्याचे पोर दुपारच्या घंटेची वाट पाहते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने न्याहारीची शिफारस केली, तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत ती वाढायला सुरुवात केली. कायदा मात्र एका जेवणावर आणि आठवीवर थांबला आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पोरे बरोबर जातात, नावे हजेरीपटावर राहतात, आणि खिचडी शाळेतच शिजत राहते.