चार वर्षे निघतील का?

हौशी माणसाला लॅपटॉप घ्यायचा असला, की घरात लग्न निघाल्यासारखी धांदल उडते. स्थळे येतात, चौकश्या होतात, पत्रिका मांडल्या जातात. प्रोसेसर कितव्या पिढीचा, रॅम किती, पडदा कसा, वजन किती, हे सारे वहीत उतरवायचे आणि छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले, तरी उरलेल्या आठांसाठी आणखी महिनाभर थांबायचे! घरच्यांना वाटते, आज घेईल, उद्या घेईल. पण या मंडळींना लॅपटॉप घेण्यापेक्षा तो निवडण्यातच अधिक गोडी असते. प्रस्तुत लेखकही त्याच पंथातला.

या वेळी मात्र थांबण्याला मुदत पडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे धडधाकट चालणारे यंत्र केवळ वयापायी निवृत्त! त्याच सुमारास मेमरी चिपांचे भावही चढू लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर अवाढव्य डेटा सेंटर उभी राहत आहेत. चिप बनवणाऱ्यांचा माल तिकडे वळला आणि त्याची झळ थेट नांदेडच्या वजिराबादेतील दुकानांपर्यंत येऊन पोचली.

आमच्या भागात संगणकाची खरेदी म्हणजे पूर्वी प्रवासच असे. नांदेडकर रात्रीच्या गाडीने सिकंदराबाद गाठायचा आणि पार्क लेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये दिवसभर दुकाने धुंडाळायचा. लातूरकराचा ओढा पुण्याकडे. आता सगळी दुकाने मोबाइलच्या पडद्यावर आली. पर्याय वाढले, पण निवड सोपी झाली असे मात्र नाही. नाव एकच, ‘आय-फाइव्ह’. परंतु पाच वर्षांपूर्वीचा आणि त्यानंतरचा यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यातही शेवटी ‘यू’ अक्षर असलेला प्रोसेसर वीज कमी खाणारा, तर ‘एच’वाला जोरकस, पण तापणारा. जाहिरातीत एवढे बारकावे कोण सांगतो?

अकरा क्विंटलांचा प्रश्न

माझी वही अशी भरत चालली असतानाच औसा तालुक्यातले एक परिचित गृहस्थ घरी आले. मुलीला नांदेडला, विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळालेला. १९८१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत प्रवेश मिळणे म्हणजे आमच्याकडे पेढे वाटण्याचा प्रसंग. पेढे झाले, चहा झाला, आणि मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. दुकानदाराने त्यावर साठ हजारांच्या एका लॅपटॉपची सारी माहिती लिहून दिली होती. मी चष्मा लावून एकेक ओळ समजावू लागलो. त्यांनी दोन मिनिटे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, ते सगळं खरं. एवढंच सांगा, पोरीची चार वर्षं निघतील का ह्याच्यावर?”

साठ हजार म्हणजे किती, हे शेतकऱ्याच्या मापाने मोजून पाहावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला. त्या भावाने हा लॅपटॉप सव्वाअकरा क्विंटलांचा होतो. कोरडवाहू रानात दोनेक एकरांचा माल. बाजारात हमीभावाएवढा दर पदरात पडेलच असे नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातले उभे सोयाबीन पाण्यात गेले. अशा वर्षी घरात येणारे यंत्र हौसेचे राहत नाही. ते बी-बियाण्यासारखे होते, उगवलेच पाहिजे.

मग आम्ही दोघांनी तो कागद बाजूला ठेवला आणि प्रश्नच बदलले.

कागदावर नसलेले गुण

पहिला प्रश्न कामाचा. प्रोग्रॅमिंग, अहवाल, सादरीकरणे आणि ऑनलाइन व्याख्याने यांना महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नसते. यंत्र किंवा स्थापत्य शाखेत त्रिमिती आराखडे करायचे असतील, तर गोष्ट वेगळी. चार वर्षे काढायची, तर रॅम मात्र १६ जीबी असावी. ८ जीबी घेतली, तर ती पुढे वाढवता येते का, हे आधीच विचारावे. कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पट्टीवरच कायमची जोडलेली असते. तिथे नंतर काहीच करता येत नाही. पातळपणाची किंमत ती अशी.

दुसरा प्रश्न उन्हाचा. बहुतेक कंपन्या आपला लॅपटॉप साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत वापरावा, असे बारीक अक्षरांत लिहितात. आमच्या मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो. पत्र्याच्या खोलीची तर बातच सोडा. हवा खेचणारी जाळी बहुधा तळाशी असते. लॅपटॉप गोधडीवर ठेवून सिनेमा लावला, की तिचा श्वास कोंडतो. म्हणून टेबल हवे, ते नसेल तर खाली एक पाट तरी हवा. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, तशीच सतत शंभर टक्के भरलेली राहणेही मानवत नाही. अनेक लॅपटॉपांत चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्याने ती चालू करावी. वीज गेली तरी तासन्‌तास काम चालते, हा लॅपटॉपचा गुण भारनियमन सोसलेल्या आमच्या पिढीला पटवून द्यावा लागत नाही.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. घरपोच सेवेची हमी आणि सेवा केंद्रात नेऊन देण्याची हमी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका कंपनीच्या मदत क्रमांकावर मी फोन केला, तेव्हा घरपोच सेवेच्या यादीत आमच्या गृहस्थांच्या गावचा पिनकोड नव्हता, नांदेडचा होता. मुलगी वसतिगृहात राहणार, म्हणून तोच पत्ता धरला. परीक्षेच्या आठवड्यात कीबोर्ड बंद पडला, तर लॅपटॉप पुण्याला धाडून पंधरा दिवस वाट पाहणे विद्यार्थ्याला परवडत नाही.

शेवटचा प्रश्न मराठीचा, जो कोणी विचारतच नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक असतो, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टंकलेखनाचाही आहे. मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतला मजकूर ज्यांच्याकडे साठला आहे, त्यांनी तो नव्या यंत्रावर उघडतो की नाही, हे जुने यंत्र मोडीत काढण्याआधी पाहावे.

अखेर खरेदी नांदेडच्याच दुकानातून झाली. ऑनलाइनपेक्षा दीड हजार रुपये जास्त गेले. दुकानदार हसून म्हणाला, “एवढं विचारून कोण घ्यायलंय सर आजकाल?” त्याने समोर खोके उघडले, खोक्यावरचा आणि यंत्राखालचा क्रमांक जुळवून दाखवला, १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल दिले. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी खोके उघडतानाचे चित्रण तरी करून ठेवावे.

मी स्वतःसाठीही साधारण तसाच, जाडसर आणि रॅम वाढवता येणारा लॅपटॉप घेतला. जुन्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली चढवली. आता भाचा त्यावर टायपिंग शिकतो. कंपनीने निवृत्त केलेले यंत्र घरात अजून कामावर आहे.

मुलीला एवढेच सांगितले आहे, की दर दिवाळीला आणि दर पाडव्याला लॅपटॉपची जाळी स्वच्छ करून घ्यायची. २०२९ च्या उन्हाळ्यात ती पदवी घेऊन बाहेर पडेल. वडिलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेव्हाच मिळायचे.